गाभ्याच्या वेशीपर्यंत

"ताई, बाकी काही बी सांगा, पण पाताळ सांगाच जी," बिसेन फोरमन म्हणाले आणि चहाची किटली उंबऱ्यावर ठेवून तिथेच उभे राहिले. "आमच्या लोकायले पाताळ नाही भेटलं, तं उत्सव झाल्यावानी वाटत नाही."

वैजयंती झांजांच्या दोऱ्या आवळत बसली होती. मान वर न करता तिने विचारलं, "आणि जरा वेगळ्या तऱ्हेनं सांगितलं तर?"

"तऱ्हा कायले बदलता? बुवांनी बसवलेली चीज हाय. खिरीत मीठ कोणी टाकते का?"

एवढं बोलून ते हसले, माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली, म्हणजे 'तुम्ही तरी समजवा', आणि गेले. किटली तिथेच राहिली. चहा प्यायला आमच्यापैकी कोणी उठलं नाही.

कोसमटोला ही मँगनीजची खाण. खाणीच्या तोंडाशी, जिथून कामगारांचा लोखंडी पिंजरा खाली उतरतो, तिथे एक मारुती आहे. खाली जाणारा प्रत्येक जण आधी त्याच्यापुढे वाकतो आणि मगच पिंजऱ्यात पाय ठेवतो. साहेब लोकही वाकतात. चैत्रात या मारुतीचा उत्सव असतो. पहिली पाळी सुटून माणसं अंघोळी करून आली की मांडवात कीर्तन उभं राहतं. माझे सासरे दामोदरबुवा हरदास यांनी ही गादी इतकी वर्षं सांभाळली होती, की वसाहतीतल्या म्हाताऱ्यांना आठवण काढताना 'बुवा पहिल्यांदा आले त्या साली' असं म्हणायची सवय लागली होती. मी आधी त्यांचा पेटीवाला आणि मग त्यांचा जावई. म्हणजे मुलगी पाहायला मला कुठे जावं लागलं नाही. वैजयंती टाळ घेऊन माझ्या उजव्या हाताला उभी असायची.

मग बुवांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, गळा गेला. मांडवाच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या बहिऱ्या म्हातारीलाही ऐकू जाणारा तो आवाज, त्याची नुसती फुंकर उरली. त्या वर्षी त्यांनी पंचांना कळवलं की गादीवर माझी मुलगी उभी राहील. पंच नाही म्हणाले नाहीत, पण होही धडपणे म्हणाले नाहीत. ताईंनी यावं, तीन दिवस सेवा करावी, शेवटच्या दिवशी आरतीनंतर पुढच्या वर्षीचा विडा कोणाला द्यायचा ते ठरवू, असं बिसेन यांनी सांगितलं. तिथली रीतच तशी. विडा आणि नारळ ज्याच्या हातावर पडला, पुढच्या चैत्रातली गादी त्याची. नागपूरचे एक तरुण बुवा पंचांना पसंत पडले होते हेही कानावर आलं होतं. दामोदरबुवा आमच्याबरोबर आले होते, पण निघतानाच त्यांनी वैजयंतीला बजावलं होतं, की गादीला वारसा नसतो आणि मी तुझ्यासाठी एक अक्षर बोलणार नाही. अर्थात, बोलायला त्यांच्याकडे अक्षरं होती तरी किती.

दोन दिवस झाले होते. वाईट झाले नव्हते. ताईंचा गळा गोड आहे, असं बायका म्हणत होत्या. पण 'गोड आहे' म्हणून लोक थांबत, आणि त्या थांबण्यात जे असतं ते आम्हाला दोघांनाही ऐकू येत होतं. आज शेवटचा दिवस, आणि शेवटच्या दिवशी पाताळ.

पाताळ म्हणजे बुवांचा एक दृष्टांत. कीर्तनाच्या दुसऱ्या भागात, म्हणजे उत्तररंगात, मारुतिराया राम-लक्ष्मणांना सोडवायला पाताळात उतरतो ते आख्यान असायचं, त्याच्या आधी निरूपणाच्या पूर्वरंगात बुवा हा दृष्टांत लावत. एक माणूस हातात फूल घेऊन पाताळाच्या पायऱ्या उतरू लागतो. पहिल्या पायरीवर फूल फुलासारखं. पुढच्या पायरीवर ते लिंबाएवढं जड. मग वरवंट्याएवढं. मग पाट्याएवढं. धरणीमाय खाली जाणाऱ्याला जास्त जास्त ओढते, आणि सातव्या पाताळात तेच फूल डोंगराएवढं होऊन त्याला चिरडून टाकतं. बुवा हे सांगताना गादीवर खरोखर वाकत जायचे, गुडघे लटपटायचे, आवाज दाटून यायचा, आणि मांडवातल्या माणसांचे खांदे त्यांच्याबरोबर खाली यायचे. खाणीतलीच माणसं ती. उतरणं म्हणजे काय ते त्यांना कोणी सांगायला नको होतं.

हा दृष्टांत बुवांनी पोथीतून घेतला नव्हता. पहिल्याच वर्षी कामगारांनी त्यांना हौसेनं पिंजऱ्यात बसवून खाली नेलं होतं. तिथल्या उकाड्यात, अंधारात त्यांना आपलं अंग शिशासारखं जड झाल्याचं जाणवलं. कामगारही म्हणाले, हो बुवा, खाली सगळंच जड लागते. झालं. वर येईपर्यंत दृष्टांत तयार होता.

आता वैजयंतीची अडचण. ती तुमसरला ज्युनिअर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होती. पृथ्वीच्या पोटात जसजसं खोल जावं तसतसं वस्तूचं वजन कमी होत जातं आणि मध्यबिंदूला शून्य होतं, हा धडा तिने त्याच सत्रात फळ्यावर शिकवला होता, आणि उलटं लिहिणाऱ्या पोरांचे गुण कापले होते.

मी तिला म्हटलं, आजचा दिवस सोडून दे ना. दृष्टांत हा दृष्टांत असतो. चंद्राला आपण मामा म्हणतो, म्हणून काही कोणी त्याच्याकडे भाऊबीज मागायला जात नाही.

ती म्हणाली, "मामा म्हणताना सगळ्यांना माहीत असतं की तो मामा नाही. इथं लोक हे खरं धरून बसलेत. बाबा त्यांना खरं म्हणून सांगायचे."

"मग गाळून टाक."

"गाळलं तर बिसेनकाका विडा नागपूरला धाडतील. सांगितलं तर मी स्वतःला काय तोंड दाखवू? वर्गात जे चूक म्हणून खोडते ते नारदाच्या गादीवर उभी राहून खरं म्हणून गाऊ?"

पोस्टात चाकरी करणाऱ्या माणसाला इतक्या वजनाची पत्रं फार येत नाहीत. शेवटी ती उठली आणि आतल्या खोलीत बुवांकडे गेली. मी दारापर्यंत गेलो. तिने त्यांच्या खाटेशी बसून सगळं समजावलं. पायाखालची माती जशी खाली ओढते तशी डोक्यावरची माती वर ओढू लागते. मध्यभागी पोचलं की चारी बाजूंनी सारखीच ओढ, म्हणून कुठेच ओढ नाही. बुवा छताकडे बघत ऐकत होते. तिचं बोलणं संपलं. मग फुंकरीसारखा आवाज आला.

"मला जे जाणवलं ते मी सांगितलं. तुला जे दिसतं ते तू सांग."

आणि ते कुशीवर वळले, भिंतीकडे तोंड करून. ही परवानगी होती की पाठ फिरवणं होतं, ते तिला कळलं नाही. मलाही नाही.

मांडव त्या दिवशी ओसंडत होता. बाहेरच्या सायकलींवरसुद्धा पोरं चढून बसली होती. तबल्यावर आमचा नेहमीचा सखाराम उईके, जो एरवी पिंजऱ्याचं यंत्र चालवायचा. माणसं खाली सोडायची आणि वर आणायची हा त्याचा धंदा, त्यामुळे लय कधी सुटायची नाही. बुवा पहिल्या रांगेत, खांबाला टेकून. त्यांच्या शेजारी बिसेन आणि बाकीचे पंच. आणखी एक पाहुणे होते, वैरागडे साहेब, सरकारी खाण खात्याचे भूगर्भवाले. जमिनीखाली खनिज कुठे आहे ते शोधायला ते महिनाभर कोसमटोल्यात मुक्कामाला होते. मधल्या वेळी कीर्तनकाराला हार घालायचा मान त्या दिवशी त्यांना दिला होता.

वैजयंतीनं नमन केलं, गजर केला. निरूपणाला ओझ्याचा विषय घेतला. माणूस जन्मभर काय काय डोक्यावर वाहतो, आणि ते उतरवायचं कुठे. आवाज छान लागला होता. आणि मग तिने पाताळाला हात घातला. आधी बुवांच्या तऱ्हेनं, अगदी हुबेहूब. फूल, लिंबू, वरवंटा, पाटा. ती वाकत गेली तसा मांडव वाकत गेला. बिसेन यांनी शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारली. माझ्या मनात आलं, आता इथेच थांब, बाई. विडा तुझाच.

ती सरळ उभी राहिली.

"हे माझ्या बाबांना जाणवलं, ते त्यांनी तुम्हाला दिलं," ती म्हणाली. "पण मी ज्या विद्येचं मीठ खाते ती विद्या वेगळं सांगते. पृथ्वीच्या पोटात जाणाऱ्याचं ओझं वाढत नाही. पहिल्या पावलापासून ते कमी होत जातं. आणि अगदी मध्यावर, जिथं सगळी ओढ सगळ्या बाजूंनी सारखी होते, तिथं डोंगरसुद्धा फुलाएवढा राहत नाही. त्याला वजनच उरत नाही."

पुढे तिने ते फार चांगलं समजावलं. अंगणाच्या मधोमध उभं असलेलं लेकरू; चारी दारांतून आई, आजी, काकी, आत्या सगळ्या एकदम हाका मारतात; लेकरू कोणाकडेच जात नाही, जागच्या जागी हसत उभं राहतं. पण मांडव गार पडला होता. कीर्तनात शांतता दोन तऱ्हेची असते. एक ऐकणाऱ्यांची, एक रुसलेल्यांची. पेटीवाल्याला फरक लगेच कळतो. बायकांच्या बाजूने एक म्हातारी दुसरीला म्हणाली, बरंच मोठ्यानं, "मंग पाताळात पापी लोक तरंगत बसते का व?" दोघी-चौघी हसल्या. बिसेन मांडवाच्या कनातीकडे बघू लागले. आणि बुवांनी मान खाली घातली. हनुवटी छातीला टेकेपर्यंत खाली.

वैजयंतीनं ते पाहिलं. तिचा आवाज एका ठिकाणी कापला, तिथे मी पेटीचा सूर जरा भरून धरला. कसाबसा गजर झाला आणि पूर्वरंग संपला.

आता मधला वेळ. पूर्वरंग आणि उत्तररंग यांच्यामध्ये कीर्तनकार गादीवर बसतो, त्याला बुक्का लावतात, हार घालतात, आणि त्याला श्वास घ्यायला मिळावा म्हणून पेटीवाला एखादं पद म्हणतो. ते काम माझं. मी पद सुरू केलं. वैरागडे साहेब हार घेऊन आले, वाकले, हार घातला, आणि सरळ होण्याऐवजी तसेच वाकून राहिले.

"ताई, माफ करा, पण तुमचे वडील बरेचसे बरोबर आहेत," ते हळूच म्हणाले.

मी हातभर अंतरावर होतो. माझा पदाचा एक शब्द चुकला.

वैजयंती म्हणाली, "म्हणजे?"

साहेब आता गादीच्या कडेला टेकलेच. ते म्हणाले, की तुमच्या धड्यात पृथ्वी आतून-बाहेरून एकसारखी धरलेली असते. खरी पृथ्वी तशी नाही. तिचा गाभा लोखंडाचा आहे, अतिशय जड. वरचे थर त्या मानाने हलके. उतरताना आपण हलकं ते मागे टाकतो आणि जड गाभ्याच्या जवळ जातो. त्यामुळे ओढ कमी होत नाही, थोडी वाढतेच. याच खाणीत मी माझं ओढ मोजायचं यंत्र घेऊन उतरतो. खाली आकडा वाढतो. केसाएवढा, अंगाला कळणार नाही असा, पण वाढतो.

माझं पद संपत आलं होतं. मी शेवटची ओळ सोडून पुन्हा पहिल्या कडव्यावर आलो. सखारामनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं पिंजरा वर यायचा तो पुन्हा खाली निघाल्यावर पाहील. मी डोळ्यानंच सांगितलं, चालू ठेव.

"कुठपर्यंत वाढते?" वैजयंतीनं विचारलं. तिच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, भीतीही नव्हती. धडा शिकवताना एखाद्या पोरानं अवघड प्रश्न विचारला की तिचा चेहरा असा व्हायचा.

"गाभ्याच्या वेशीपर्यंत. मध्यबिंदूच्या वाटेवर जवळजवळ निम्मं अंतर. तिथं सर्वांत जास्त. शेराला छटाक-दीड छटाक वाढ म्हणा."

"आणि आत शिरल्यावर?"

"आत शिरल्यावर तुमचा धडा खरा. कमी कमी होत मध्याला शून्य."

तिने डोळे मिटले. मी तिसऱ्यांदा तेच कडवं म्हणत होतो. लोकांना वाटलं असेल, या माणसाला आज देव दिसतोय. मग तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मी पद संपवलं.

आता रीतीप्रमाणे तिने आख्यान लावायला हवं होतं. ती उभी राहिली, झांज खाली ठेवली आणि हात जोडले.

"आख्यानाच्या आधी एक चूक निस्तरायची आहे," ती म्हणाली. "मघा मी याच गादीवरून सांगितलं की खाली जाणाऱ्याचं ओझं पहिल्या पावलापासून कमी होतं. ते खरं नाही. मला आत्ता कळलं, वैरागडे साहेबांकडून. मी पृथ्वीला बेसनाचा लाडू समजले, सगळीकडून सारखा. ती आंब्यासारखी आहे. आत कोय आहे, आणि कोय फार जड आहे."

मांडवात हालचाल झाली. पंचांपैकी एकाने दुसऱ्याकडे वाकून काहीतरी म्हटलं. गादीवरून एकदा शब्द फिरवला तर लोक खपवून घेतात. दोनदा फिरवला, तर उद्या चौकात नक्कल होते.

"निम्म्या वाटेपर्यंत माझे बाबा बरोबर आहेत," ती पुढे म्हणाली. "ओझं वाढतं."

मला वाटलं, आता बुवा मान वर करतील. त्यांनी केली नाही.

"मी ते न तपासता तुम्हाला सांगितलं. पुस्तकात होतं म्हणून सांगितलं. मी चुकले. आणि पुन्हा चुकले, तर पुन्हा इथंच उभी राहून तुम्हाला सांगेन. घरी जाऊन दुरुस्त केलेलं तुमच्या काय कामाचं?"

तेव्हा बुवांची मान वर आली. मी त्यांच्याकडेच बघत होतो, म्हणून मला नक्की ठाऊक आहे.

आणि वैजयंतीला जणू वाट मोकळी झाली. तिने बुवांचं फूल पुन्हा हातात घेतलं. ती म्हणाली, नामाला बसणाऱ्या माणसाला विचारा. पहिल्या दिवशी जप फुलासारखा हलका. मग जरा आत गेलं की जुन्या गोष्टी आठवतात. कोणाला टाकून बोललेलं. भावाशी धरलेला अबोला. आईच्या शेवटच्या वेळी न पोचलेले आपण. जप लिंबाएवढा होतो, वरवंट्याएवढा होतो. माणूस म्हणतो, देवाकडे निघालो तर हलकं वाटायला हवं, हे तर जड होत चाललंय. बोलता बोलता ती वाकत होती, अगदी बापासारखी, पण आता ते सोंग वाटत नव्हतं.

"आणि निम्म्या वाटेवर सगळ्यांत जड होतं," ती म्हणाली. "तिथून पुष्कळ माणसं परत फिरतात. वर येतात आणि सांगतात, आत काही नाही हो, नुसतं ओझं आहे. ती खोटं बोलत नाहीत. ती वेशीवरून परत आलेली असतात. तुम्ही परत फिरू नका. जड झालं म्हणजे वाट चुकली असं समजू नका. जड झालं म्हणजे वेस आली. आणखी एक पाऊल आत टाका."

बायकांच्या बाजूला कोणीतरी हुंदका दिला. मघाची म्हातारीच ती. नंतर कळलं की तिचा मुलगा पिंजऱ्यातून उतरताना दरवेळी तिची शपथ घेऊन जायचा आणि दोन वर्षांपूर्वी शहरात निघून गेला तो गेलाच. त्याच्यासाठी ती रोज मारुतीला प्रदक्षिणा घालायची आणि अलीकडे तिने त्या सोडल्या होत्या. ते तेव्हा आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. वैजयंतीलाही नाही.

मग तिने झांज उचलली आणि मारुतिराया पाताळात उतरला. मी त्या आख्यानाला पेटी किती वेळा वाजवली होती ते देवच जाणे, पण त्या दिवशी मी ते पहिल्यांदा ऐकलं. पाताळाच्या दाराशी मारुती थकलेला आहे, पाय उचलत नाहीत, आणि सातव्या दाराच्या आत पाऊल पडतं तसा तो हलका होतो. येताना एका खांद्यावर राम, एका खांद्यावर लक्ष्मण, आणि दोघांचं मिळून ओझं नाही. सखारामनं लय अशी चढवली की कनात हलली. सगळा मांडव टाळ्या धरत होता. बिसेन फोरमन, जे कीर्तनात कायम हिशेब करायला बसल्यासारखे बसत, ते गुडघ्यांवर आले होते. बुवांच्या गळ्यातून आवाज निघणं शक्यच नव्हतं, पण त्यांचे ओठ हलत होते, आख्यानाच्या प्रत्येक ओळीवर, मुलीच्या अर्ध्या मात्रेनं पुढे.

आरती झाली. बिसेन विड्याचं तबक घेऊन पुढे आले आणि सवयीनं बुवांकडे वळले. बुवांनी हात मागे घेतले. बिसेन क्षणभर घोटाळले, मग हसले, आणि गादीशी जाऊन तबक वैजयंतीपुढे धरलं. "ताई, पुढल्या चैत्रात पाताळ असंच पाहिजे," ते म्हणाले. "वेशीच्या आतलं बी आणि बाहेरचं बी." आणि मग जरा खाली आवाजात, "नागपूरवाल्याले मी सांगून देतो."

तिने विडा घेतला. मी पेटीचा भाता बंद केला. बायकोची कमाई, बायकोचं रूप, बायकोच्या हातची चव यावर मिरवणारे नवरे मी पाहिले आहेत. आपली बायको भर मांडवात 'मी चुकले' म्हणाली यावर मिरवणारा मी एकटाच असेन.

मग लोक दर्शनाला येऊ लागले. कीर्तन संपलं तरी गादीवरून उतरेपर्यंत कीर्तनकार हा नारदाचा असतो. लहान-थोर सगळे त्याच्या पायांना हात लावतात आणि त्याने कोणाला अडवायचं नसतं. वैजयंती हात जोडून उभी होती. रांग मांडवाबाहेर गेली होती. खाणीतली माणसं, त्यांच्या बायका, वैरागडे साहेब, सखाराम. आणि सखारामच्या मागे, रांगेत आपल्या जागी, दामोदरबुवा.

त्यांना कोणीतरी पुढे यायला सांगितलं होतं. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं होतं. ते एक एक पाऊल सरकत होते. वैजयंतीनं त्यांना पाहिलं आणि तिचे जोडलेले हात सुटले. तिने एक पाय मागे घेतला. बुवांनी बोट उचललं, फक्त एक बोट, लहानपणी तिचा ताल चुकला की उचलायचे तसं. तिने पाय पुन्हा होता तिथे ठेवला.

बुवा वाकले. गुडघे टेकवले, दोन्ही हातांनी तिचे पाय धरले आणि कपाळ त्यावर टेकलं. बराच वेळ लागला त्यांना उठायला; मी पुढे झालो आणि दंडाला धरून उभं केलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिने हात हलवला नाही, नारदाची गादी होती.

मग ते तिच्याकडे बघून बोलले. फुंकरच ती, पण मांडव इतका शांत होता की शेवटच्या रांगेतही ऐकू गेली असावी.

"बुवा," ते म्हणाले, "येतो आम्ही. अशीच सेवा होऊ द्या."